तिवरकोटचं गोड पाणी

सगुणाबाईंच्या रागाचे किस्से अंबरनाथच्या बुवापाड्यात घरोघर माहीत होते. त्या रांगेत दिसल्या की रेशनवाला काटा सरळ धरायचा. काडेपेटीच्या कारखान्यात त्या पॅकिंगला होत्या, तेव्हा एका नव्या सुपरवायझरने बायांना संडासला जायला पास लावला. सगुणाबाईंनी तो पास त्याच्याच टेबलावर फाडला आणि सगळं खातं घेऊन गेटवर जाऊन बसल्या. पास बंद झाला. त्यांची बढतीही बंद झाली ती कायमची. नवरा सुदाम म्हणायचा, "जरा राग गिळायला शीक." त्यावर त्या म्हणायच्या, "गिळून बघितला. पचत नाही मला, उलटून पडतो."

सुदाम गेला, कारखान्यातली नोकरीही संपली. मुलगा नरेंद्र विमा कंपनीत लागला. तो शांत, आईच्या अगदी उलट. सून माया उल्हासनगरच्या एका शाळेत शिकवत होती. घरात सगळं ठीक होतं. एकाच गोष्टीवर सगुणाबाई कधी बोलल्या नव्हत्या, ती म्हणजे त्यांचं माहेर. कुणी गाव विचारलं की त्या म्हणत, "अंबरनाथ." त्याच्या आधीचं? "त्याच्या आधी काही नव्हतं." नरेंद्रला इतकंच ठाऊक होतं की आई कोकणातली आहे, समुद्राकाठची.

दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर माया एक बातमी घेऊन घरी आली. मुंबईहून एक छोटी बोट निघते, चाळीसेक माणसांची. चार दिवस कोकण किनाऱ्याने जाते. वाटेत जुनी बंदरं आणि समुद्रातले किल्ले दाखवतात, इतिहासाचे जाणकार बोटीवरच व्याख्यान देतात. शिक्षकांना आणि त्यांच्या घरच्यांना सवलत होती.

"तुम्ही दोघं जा," सगुणाबाई मेथी निवडत म्हणाल्या. "मला समुद्राचं काय कौतुक?"

"अगं आई, बघ तरी," नरेंद्र म्हणाला. "रेवदंडा, कोर्लई, मग तिवरकोट..."

सगुणाबाईंचा हात थांबला. "तिवरकोटला बोट जाते?"

"जाते की. पूर्ण एक दिवस आहे तिथे."

त्यांनी निवडलेली पानं ताटात टाकली. मग मेथीची जुडी बाजूला सारून म्हणाल्या, "येते मी."

*

बोटीचं नाव 'समुद्रिका'. पांढरी, नेटकी, खाली झोपायला बर्थ आणि वर डेकवर खुर्च्या. सगळा कारभार कुमुदिनीबाई बघायच्या. त्या बदलापूर पूर्वेला राहायच्या. खादीची साडी, खांद्यावर शबनम, सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चहाचं बघणारी बाई. पैसे कमवायलाच धंदा काढायचा असता तर हॉटेल काढलं असतं, असं त्या सांगायच्या, आणि ते खरंही वाटायचं. व्याख्यानं द्यायला चिंतामणीसर होते, निवृत्त प्राध्यापक. हातात माइक आला की माणूस विशीतला व्हायचा.

बोटीवर डॉक्टर होते, शिक्षक होते, बँकेतले साहेब होते. पहिल्या दिवशी नाश्त्याला शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंनी विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

"सगुणाबाई."

"आणि आडनाव?"

"सगुणाबाई पुरत नाही का?"

"तसं नाही हो, आपलं सहजच. आडनाव काय?"

"बोटीला भोक पडलं तर आडनाव बघून वाचवणार आहात काय?"

काकूंनी उपम्यात मान घातली. नरेंद्रने कपाळाला हात लावला. माया मात्र तोंडावर रुमाल धरून हसत होती.

रेवदंडा पाहून झालं, कोर्लई झाली. सगुणाबाईंना बोट लागली नाही. सगळे रेलिंगला धरून ओकत असताना त्या डेकवर ताठ उभ्या राहून पाण्याकडे बघत होत्या. सर तोफांबद्दल बोलले, वेढ्यांबद्दल बोलले. ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. माणूस मनापासून सांगतोय, एवढं त्यांना पटलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिवरकोट आला. काळा, बुटका, पाण्यात बसकण मारलेला कोट. बोट लांब उभी राहिली आणि होडीतून सगळ्यांना मोठ्या दरवाजाशी नेलं. पायरीवर पाऊल टाकताना सगुणाबाई अडखळल्या. नरेंद्रने हात दिला. त्याला वाटलं, गुडघा दुखतोय. पण या दरवाजातून त्या आयुष्यात पहिल्यांदा आत शिरत होत्या.

आतली घरं गेली होती. जोती उरली होती आणि त्यावर करवंदीची जाळी. सर पुढे चालत होते. कोटाच्या मधोमध मोठं तळं होतं, चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांचं. तिथे सर थांबले आणि सगळे जमेपर्यंत वाट बघितली. ही त्यांची आवडती जागा असावी.

"चहूकडे खारट समुद्र," ते म्हणाले, "आणि मधोमध हे गोड पाणी! किती पिढ्या या कोटात नांदल्या. कोळी, भंडारी, मुसलमान, सगळ्या जातीजमाती. आणि या एका तळ्याने कसलाही भेद न करता साऱ्यांची तहान भागवली. आपल्या पूर्वजांच्या एकोप्याचं याहून सुंदर प्रतीक..."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

सर थांबले. सगळे मागे वळले.

"आई, हळू," नरेंद्र पुटपुटला.

"हळूच बोलत आले रे इतकी वर्षं." सगुणाबाई पुढे आल्या. "मी इथे जन्मले. तो पाठचा बुरूज दिसतोय ना, त्याच्या खाली आमची चार घरं होती. कोटाचा सांगावा न्यायचा, मेलेलं जनावर ओढायचं, हे आमचं काम. या तळ्याचं पाणी गोड होतं की मचूळ, ते मला विचारू नका. मला खाली उतरायला मनाई होती. सगळ्यात वरच्या पायरीवर हंडा ठेवायचा आणि लांब जाऊन उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. नाही आली तर उन्हात उभं राहा. आणि तुम्ही म्हणता, भेद न करता!"

चिंतामणीसरांनी माइक खाली घेतला. "बाई, मला हे ठाऊक नव्हतं," ते प्रामाणिकपणे म्हणाले. तेवढ्यात बाजूने कॅमेऱ्यांचे आवाज सुरू झाले. बँकेतले एक साहेब गुडघ्यावर बसून त्यांचा आणि तळ्याचा एकत्र फोटो घेत होते.

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली आणि पायऱ्या उतरायला लागल्या. एक एक पायरी, गुडघ्यावर हात टेकत. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई ओंजळ भरून पाणी पिणार. माया मागोमाग खाली गेली.

पाण्यावर हिरवा थर जमला होता. त्यात गुटख्याच्या पुड्या, बाटल्या, एक फाटकी चप्पल तरंगत होती. कसलीशी कुजकी घाण येत होती. सगुणाबाई शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"बघ," त्या मायाला म्हणाल्या. "आता कोणीही उतरा. आता मनाई नाही. सडवून टाकलं आणि मग सगळ्यांना मोकळं केलं."

*

दुपारी डेकवर त्यांनी उरलेलं सांगितलं. नरेंद्र आणि माया ऐकत होते.

दीक्षेचं वारं कोकणात आलं तेव्हा सगुणाबाईंच्या वडिलांनी, सोमाने, पलीकडच्या गावी जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर कोटात सांगून टाकलं, यापुढे सांगावा नेणार नाही, ढोर ओढणार नाही. कोटाने तोंडावर काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून होडी बंद झाली. कोटातून किनाऱ्यावर जायला एकच होडी होती, सगुणाबाईंच्या वर्गातल्या हिरामणच्या बापाची. चार घरांतलं माणूस दिसलं की तो वल्ही उचलायचा आणि निघून जायचा.

"मी चौथीत होते. वर्गात पहिली. हिरामण दुसरा, कायम दुसरा. स्कॉलरशिपची परीक्षा होती तालुक्याला. मास्तरांनी माझं नाव दिलेलं. आईने फ्रॉक धुऊन, लोट्यात निखारे घालून इस्त्री केलेली. मी जाऊन उभी राहिले पाठच्या दरवाजाशी, पायऱ्यांवर. होडी समोरून गेली. आत हिरामण बसलेला, नव्या टोपीत. मी हाक मारली. त्याच्या बापाने बघितलंसुद्धा नाही."

"मग?" नरेंद्रने विचारलं.

"मग काय मग? मिठाचा मचवा जात होता एक, त्या खलाशाला दया आली. त्याच्यातून आम्ही बाहेर पडलो, भांडीकुंडी घेऊन. अंबरनाथला आलो. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे काड्या भरल्या पेटीत जन्मभर."

नरेंद्र चाळिशीला आला होता आणि आईच्या रागाचं मूळ त्याला आज कळत होतं. तो जवळ सरकला, त्यांचा हात धरायला. त्यांनी हात काढून घेतला. "कीव नको," त्या म्हणाल्या. "मला अजून राग आलाय. तो उतरू दे."

कुमुदिनीबाई संध्याकाळी त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांचे डोळे ओले होते. "सगुणाताई, आमच्या व्याख्यानात हे असायलाच हवं. पुढच्या सफरींना याल का तुम्ही? तिवरकोट तुम्ही सांगायचा."

"सगळा सांगीन."

"सगळाच सांगा."

सगुणाबाईंनी त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि हो म्हटलं.

*

त्या हिवाळ्यात त्या पुन्हा पुन्हा तिवरकोटला गेल्या. सर कोटाचं सांगत आणि तळ्याशी आले की माइक त्यांच्या हातात देत. लोक ऐकत, काही जण रडत. शेवटी टाळ्या वाजवत. टाळ्या त्यांना आवडायच्या नाहीत. "मी काय नाटक केलं?" त्या मायाला विचारायच्या. "टाळ्या वाजवून झाल्या की सगळे हलके होतात. जेवायला बसतात. मच्छी कुठली आहे म्हणून विचारतात."

मग एका सफरीत तळ्याच्या वरच्या पायरीवर पितळेचा हंडा ठेवलेला दिसला. चकचकीत घासलेला. गळ्याला झेंडूची माळ.

"हे काय?"

"लोकांना डोळ्यांपुढे उभं राहावं म्हणून," कुमुदिनीबाई उत्साहाने म्हणाल्या. "तुम्ही तो कमरेवर घेऊन उभ्या राहिलात ना, तर..."

सगुणाबाईंनी हंडा उचलला. लोकांनी कॅमेरे वर केले. त्यांनी तो दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि तळ्यात भिरकावून दिला. हंडा पायऱ्यांवर दणदणत गेला आणि हिरव्या थरात गपकन बुडाला.

"आमचा मातीचा होता," त्या माइकवर म्हणाल्या. "पितळेचा तुमच्या घरी."

त्या दिवशी टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

कुमुदिनीबाईंनी तेही सोसलं. हंडा आणणं चूक होतं, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. पण फेब्रुवारीत त्यांनी सगुणाबाईंना बदलापूरला ऑफिसात बोलावून घेतलं. चहा मागवला, बिस्किटं समोर ठेवली. बोलायला वेळ लावत होत्या, त्यावरूनच सगुणाबाईंना कळलं की काहीतरी बिनसलंय.

"मुंबईची एक मोठी शाळा येतेय. सहावी-सातवीची मुलं. त्यांच्या पालकांनी... म्हणजे शाळेनेच कळवलंय. तळ्याचं जरा सौम्य करता येईल का? तुम्ही मुलांना गमती सांगा ना. तुम्ही कुठे खेळायचात, खेकडे कसे धरायचात, होडीने शाळेत कशा..."

"होडीने?"

कुमुदिनीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी जीभ चावली.

"मला वाटलं होतं तुम्ही ऐकलंय," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्ही नुसत्या रडलात."

"ताई, लहान मुलं आहेत. त्यांच्या कोवळ्या मनावर..."

"मी त्यांच्याहून लहान होते! माझं मन काय लाकडाचं होतं? मला त्या पायरीवर उभं केलं तेव्हा कोणी म्हटलं का, लहान आहे, हिच्यासाठी जरा सौम्य करा?"

"हे बघा, आम्ही तुम्हाला बोलायला जागा दिली..."

"तुम्ही दिली?" सगुणाबाई उभ्या राहिल्या. बशीतला चहा हिंदकळला. "कोट माझा. जन्म माझा. अपमान माझा. आणि जागा तुम्ही दिली? सगळाच सांगा म्हणाला होतात. एवढ्यात तुमचा सगळा संपला?"

आणि त्या जिना उतरून गेल्या.

*

शाळेची सफर निघाली तेव्हा तळ्यावर दुसरा माणूस बोलला, हे त्यांना चिंतामणीसरांकडून कळलं. सरांनी फोन केला होता. बोलताना ते चाचरत होते. "कुमुदिनीबाईंनी कोटातलंच एक माणूस शोधून काढलंय. उल्हासनगरात सुक्या मासळीचं दुकान आहे त्यांचं. हिरामण नाव. ते सांगतात, कोटात सगळे एका कुटुंबासारखे राहायचे. मला राहवलं नाही, म्हणून तुम्हाला कळवलं."

"तुम्ही तिथे होतात ना?" सगुणाबाईंनी विचारलं. "मग तुम्ही का नाही बोललात?"

सरांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई एकट्याच उल्हासनगरला गेल्या. कापडाच्या दुकानांमागे मासळीची गल्ली होती. बोंबलांच्या ढिगामागे एक टकलू म्हातारा सिंधी गिऱ्हाईकाला सांगत होता, "ले जाओ साईं, एकदम कडक माल है, वास भी नहीं." गिऱ्हाईक गेलं. म्हाताऱ्याने वर बघितलं.

"काय दिऊ?"

"होडी दे."

त्याचा हात तराजूवरच राहिला. "सगुणा? तू गो?"

"एका कुटुंबासारखे, नाही का रे हिऱ्या? मी तुझी कोण लागत होते? बहीण? मावशी?"

"हळू बोल गो. बाजार हाय ह्यो."

"बाजारच आहे. तू तर कोट विकायला काढलायस. तुझी आजी पाणी ओतायची वरून. आमच्या हंड्याचा विटाळ होऊ नये म्हणून हातभर उंचावरून. आठवतं की नाही?"

हिरामण खाली बघत बोंबील सारखे करत राहिला. "आठवतं," तो म्हणाला. "पन बाई म्हनाल्या, पोरांपुढं नको. मी काय खोटं बोललो? आमचं तिथं गोडच होतं सगलं. माझं बालपन मी सांगतो, तुझं तू सांग."

"मला सांगू देत नाहीत म्हणून तुला आणलाय, एवढं कळत नाही तुला? स्कॉलरशिप मिळाली होती ना?"

हा घाव खोल गेला. हिरामणचा चेहरा तांबडा झाला. "नाय मिळाली," तो ओरडला. "नापास झालो मी! झालं समाधान? आता जा."

सगुणाबाई गेल्या नाहीत. वर्गात दुसरा येणारा पोरगा नापास झाला होता. आणि त्या होडीत पहिल्या येणाऱ्या पोरीची जागा रिकामीच गेली होती. त्यांना आणखी चीड आली. कुणाची, तेही कळेना. "फुकट घालवलीस जागा," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

*

मार्चच्या सुरुवातीला त्यांनी बुवापाड्यातल्या बाया गोळा केल्या. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी, त्यांच्या लेकीसुना, नातवंडं. एक टेम्पो ट्रॅव्हलर ठरवली. नरेंद्रने पलीकडच्या बंदरातली एक लाँच सांगून ठेवली, आणि स्वतः लाइफ जॅकेट मोजून घेतल्याशिवाय निघू दिलं नाही. मायाने मुलांना वाटेत किनारा, भरती-ओहोटी, बंदर म्हणजे काय ते समजावलं. कुमुदिनीबाईंच्या बोटीसारखी ही सफर नव्हती. डबे होते, गाणी होती, दोघीजणी पूर्ण वेळ ओकत होत्या.

"मोठ्या दरवाजाला लावू ना?" लाँचवाल्याने विचारलं.

"नाही. पाठच्या."

"तिकडं खडक हाय बाय. पाठीमागं कुनी उतरत नाय."

"आम्ही उतरायचो."

लाँचवाला कुरकुरला, पण त्याने लाँच पाठीमागे घेतली. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून एकमेकींचे हात धरून बाया वर चढल्या. सगुणाबाईंनी त्यांना आपलं जोतं दाखवलं, तिथे आता भेंडीचं झाड उगवलं होतं. मग सगळा घोळका घेऊन त्या तळ्याकडे निघाल्या. तळ्याच्या समोरच्या काठावर निळ्या टोप्या घातलेली शाळेची मुलं बसली होती. 'समुद्रिका' त्याच दिवशी आणखी एक शाळा घेऊन आली होती. माइक हिरामणच्या हातात होता.

"...कुनाच्या घरी काय शिजलं तरी वाटी सगल्यांकडे जायची. एका कुटुंबासारखे..."

त्याने वर बघितलं आणि तो थांबला. पलीकडच्या काठावर लुगड्या-साड्यांतल्या बाया आणि पोरं उभी होती. पुढे सगुणाबाई. कुमुदिनीबाईंचा चेहरा उतरला.

एका मुलीने हात वर केला. "आजोबा, ह्या कोण?"

"ही... सगुणा. कोटातलीच. शालंत माझ्या पुढं असायची."

"म्हणजे तुमच्या कुटुंबातल्या?"

मुलीने सरळ मनाने विचारलं होतं.

"सांग की," पलीकडून सगुणाबाई म्हणाल्या. ओरडायची गरज नव्हती, तळ्यावरून आवाज सरळ जात होता. "मुलं विचारतायत."

"नाय," हिरामण म्हणाला. "कुटुंबातली नाय. यांना ह्या पायऱ्या उतरायला मनाई होती. आमच्याच घरच्यांनी केलेली. होडी बी आमच्याच बाने बंद केली. परीक्षेला..."

माइक बंद झाला. कुमुदिनीबाईंच्या हातात वायर होती. पण हिरामण खोल समुद्रातल्या होड्यांना हाका मारत वाढलेला माणूस. त्याला माइक लागत नव्हता. "परीक्षेला मी गेलो!" तो ओरडून म्हणाला. "ती दरवाजात उभी होती. मी बघितलं नि मान फिरवली. माझ्या बाने नाय, मी!"

मायाने सासूकडे बघितलं. तिला वाटलं, आता यांचा राग उतरेल.

सगुणाबाई आणखीच चिडल्या. "एवढंच?" त्या म्हणाल्या. "एका दमात सांगून झालं तुझं? एवढंसंच होतं, तर इतकी वर्षं काय दातखीळ बसली होती?"

त्या वळल्या आणि आपल्या बायांना बुरूज दाखवायला घेऊन गेल्या.

*

त्या शाळेतल्या काही पालकांनी तक्रार केली. पुढच्या हंगामात 'समुद्रिका'ने तिवरकोट वगळला आणि त्याऐवजी एका पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर अर्धा दिवस ठेवला. चिंतामणीसरांनी काम सोडलं. त्यांचं पत्र आलं, त्यात माफी होती. सगुणाबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "आता माफी घेऊन मी काय करू? तेव्हा तोंड उघडलं असतं तर कामाला आलं असतं." तरी पुढच्या फेरीला मुलांना तोफांचं सांगायला सर हवेत, असं त्यांनीच मायाला कळवायला लावलं. सर आले. जमिनीवर बसून डबा खाल्ला.

सगुणाबाईंच्या फेऱ्या चालू राहिल्या. दर थंडीत एक लाँच, कधी बुवापाड्याची, कधी कुळगावची, कधी मायाच्या शाळेतली मुलं. दोन हजार आठच्या डिसेंबरात फेरीची तयारी चालली असताना दारात हिरामण उभा राहिला. दम लागलेला, हातात काठी.

"तुझ्यामुलं माझं काम गेलं," तो उंबऱ्यावरूनच ओरडला. "बोट तिथं जातच नाय आता. माझा कोट मना बघायला मिलत नाय!"

"माझ्यामुळे? तू बोललास, मी नव्हते बोलले!"

"तू उभी होतीस ना समोर!"

"मग मान फिरवायचीस. सवय होती की तुला!"

शेजारच्या बाया बाहेर आल्या. नरेंद्र मध्ये पडायला गेला, मायाने त्याला मागे ओढलं. दोघं बराच वेळ भांडत राहिली, होडीवरून, आजीवरून, शाळा बुरुजाच्या डावीकडे होती की उजवीकडे यावरून. शेवटी हिरामण दमून पायरीवर बसला. "रविवारी जाताय म्हनं," तो म्हणाला. "जागा हाय?"

सगुणाबाईंनी पदर खोचला, आत गेल्या, बाहेर आल्या.

"सकाळी सहाला ये. उशीर केलास तर लाँच थांबणार नाही. आणि तळ्यावर तू बोलायचं, सगळं. मी ऐकणार. एक शब्द गाळलास तर तिथल्या तिथे सांगीन."

"आनि शाला उजवीकडंच होती," हिरामण म्हणाला.

"डावीकडे!" सगुणाबाई ओरडल्या. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं.